मूठ, औषध आणि बंदूक : पडद्यावरचा वाँग फेई-हुंग

१५ ऑगस्ट १९९१ रोजी हाँगकाँगमध्ये प्रदर्शित झालेल्या एका चित्रपटाचे चिनी नाव नुसते ‘वाँग फेई-हुंग’ असे होते. नायकाच्या नावाला कुठलेही विशेषण जोडण्याची गरज निर्मात्यांना वाटली नाही. दक्षिण चीन आणि हाँगकाँगमधल्या घराघरांत हे नाव आजोबांच्या पिढीपासून ठाऊक होते. बाहेरच्या जगात हा चित्रपट ‘वन्स अपॉन अ टाइम इन चायना’ या नावाने पोहोचला. त्सुई हार्क यांचे दिग्दर्शन, जेट ली यांची मुख्य भूमिका आणि गोल्डन हार्वेस्ट या संस्थेचे पाठबळ लाभलेला हा सव्वादोन तासांचा चित्रपट चिनी युद्धकलेवरच्या ऐतिहासिक चित्रपटांत मानाच्या जागी बसलेला आहे. त्यातल्या मारामाऱ्या अप्रतिम आहेत, पण त्याचे मोठेपण दुसरीकडे आहे. ज्या लोकनायकाला चाळीस वर्षे पडद्यावर कुणी हरवू शकले नव्हते, त्याला या चित्रपटाने बंदुकीसमोर उभे केले आणि तुझ्या विद्येचा आता उपयोग काय, असे विचारले.

खरा वाँग फेई-हुंग

वाँग फेई-हुंगचा जन्म ग्वांगदोंग प्रांतातल्या फोशान परिसरात झाला. जन्मसाल साधारणपणे १८४७ मानतात. वडील वाँग केई-यिंग हे नावाजलेले उस्ताद. कँटन म्हणजे आजच्या ग्वांगझोउ शहराच्या लोकस्मृतीत ‘कँटनचे दहा वाघ’ म्हणून ज्या दहा मल्लांची नावे घेतली जातात, त्यांतले ते एक. परंपरेने आलेल्या हकिकतींनुसार बापलेक गावोगाव फिरत, चौकात कसरती करून दाखवत आणि जमलेल्या लोकांना मार लागल्यावर लावायची औषधे विकत. युद्धकला आणि वैद्यकी यांची ही जोड त्या भागात नेहमीची होती. ज्याला हाड मोडता येते त्याला ते बसवताही आले पाहिजे, अशी तिथल्या तालमींची रीत होती.

वाँगने पुढे ग्वांगझोउमध्ये ‘पो ची लाम’ नावाचा दवाखाना काढला. मोडलेली हाडे, मुरगळलेले सांधे, मुका मार यांवर तिथे उपचार होत. म्हणजे मराठीत ज्याला हाडवैद्य म्हणतात, तो त्याचा व्यवसाय होता. त्याच्या युद्धकलेचे नाव हुंग गार. ही दक्षिणेकडची शैली. पाय जमिनीत रोवल्यासारखे पक्के, कंबर खाली, आणि सारी ताकद हातांच्या आणि पंजांच्या हालचालींत. वाघाचा पंजा आणि सारसाची चोच एकत्र आणणारा पवित्र्यांचा संच हे या परंपरेचे भूषण मानले जाते. सिंहनृत्यातही वाँग निपुण होता आणि त्याची ‘सावली न पडणारी लाथ’ दंतकथेचा विषय झाली.

फ्रेंचांशी आणि पुढे तैवानात जपान्यांशी लढलेला सेनानी ल्यू योंगफू आणि त्याचे ‘काळ्या झेंड्याचे सैन्य’ यांच्याशीही वाँगचे नाव जोडले जाते. त्याचा शेवट मात्र कष्टाचा झाला. १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये ग्वांगझोउत व्यापाऱ्यांच्या सशस्त्र दलाने उठाव केला. त्या धुमाकुळात पो ची लाम जळून गेले. पुढच्याच वर्षी, १९२५ साली, वाँग वारला. त्याची पत्नी मोक क्वाई-लान पुढे हाँगकाँगला आली आणि तिने तिथे स्वतः तालीम चालवली. त्याचे म्हणून जे छायाचित्र सर्वत्र छापले जाते, ते त्याचेच आहे की नाही यावर आजही वाद आहे. चेहरा निश्चित नसलेला हा माणूस विसाव्या शतकातल्या सर्वाधिक चित्रित झालेल्या नायकांपैकी एक ठरला.

काळ

चित्रपटाची कथा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहे. चीनवर मांचू वंशाच्या छिंग घराण्याचे राज्य होते, पण बंदरे एकामागून एक परक्यांच्या हाती चालली होती. पहिले अफूचे युद्ध १८३९ ते १८४२ या काळात झाले. त्याच्या अखेरीस झालेल्या नानकिंगच्या तहाने हाँगकाँग बेट ब्रिटिशांकडे गेले आणि कँटन, शांघायसह पाच बंदरे परकी व्यापाराला खुली झाली. पुढच्या तहांनी परकीयांना चिनी कायद्यापासून संरक्षण दिले. चिनी इतिहासात यांना ‘असमान तह’ म्हणतात.

या इतिहासाचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. चीनला जाणारी अफू हिंदुस्थानात पिकत होती. तिचा एक भाग बंगाल-बिहारचा, कंपनीच्या मक्तेदारीतला. दुसरा भाग माळव्याचा, शिंदे-होळकरांच्या मुलखातला. माळव्याची ही अफू मुंबई बंदरातून जहाजांवर चढत असे. सर जमशेटजी जीजीभाई यांची संपत्ती कँटनशी चाललेल्या कापसाच्या आणि अफूच्या व्यापारातून उभी राहिली आणि मुंबईतले जे. जे. रुग्णालय व जे. जे. कलाशाळा त्यांच्या देणग्यांतून उभ्या राहिल्या. ज्या मालाने मुंबईत वाडे उठवले, त्याच मालाने वाँगच्या प्रांतातली माणसे खंगवली. मराठी प्रेक्षकाने हा चित्रपट पाहताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

दुसरा धागा माणसांच्या व्यापाराचा. १८४८ नंतर कॅलिफोर्नियात सोने सापडल्याची बातमी ग्वांगदोंगमध्ये पोहोचली आणि अमेरिकेला ‘सोन्याचा डोंगर’ हे नाव पडले. हजारो तरुण कर्ज काढून, करारपत्रावर अंगठा उठवून निघाले. अमेरिका आडवी ओलांडणारा १८६९ सालचा लोहमार्ग मोठ्या प्रमाणात त्यांच्या श्रमांवर उभा राहिला. पुढे १८८२ मध्ये त्याच अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला. चित्रपटातला खलनायक जॅक्सन याच व्यापारात आहे. पुरुषांना सोन्याचे आमिष, बायकांची सरळ पळवापळवी.

कथेपासून पडद्यापर्यंत

वाँगची कीर्ती त्याच्या शिष्यांनी टिकवली. त्याचा पट्टशिष्य लाम साई-विंग हा मूळचा खाटीक. तो हाँगकाँगला स्थायिक झाला. लामचा शिष्य जू यू-जाई याने वाँगच्या आयुष्यावर कथा लिहिल्या. त्या वर्तमानपत्री वाचकांत गाजल्या. त्यांतूनच १९४९ साली दिग्दर्शक वू पांग यांचा पहिला चित्रपट झाला. कँटनी संगीत-नाटकातले नट क्वान ताक-हिंग यात वाँग झाले आणि पुढे सत्तरहून अधिक चित्रपटांत त्यांनी हीच भूमिका केली. एकट्या १९५६ मध्ये वाँगवरचे पंचवीस चित्रपट आले.

या भरभराटीचे कारण हाँगकाँगच्या लोकसंख्येत आहे. १९४५ साली हाँगकाँगमध्ये सहा लाखांच्या आसपास माणसे होती. पाच वर्षांत ती वीस लाखांवर गेली. चीनमधले यादवी युद्ध आणि सत्तांतर यांमुळे गाव सोडून आलेली ही माणसे होती. त्यांना क्वान यांच्या वाँगमध्ये गावाकडचा वडीलधारा माणूस भेटला : शांत, नीतीचे पाठ देणारा, शक्यतो हात न उचलणारा आणि उचललाच तर शेवटी क्षमा करणारा.

पुढच्या पिढीने त्याला तरुण केले. १९७६ मध्ये लाउ कार-लिउंग यांनी ‘चॅलेंज ऑफ द मास्टर्स’मध्ये शिकाऊ वाँग दाखवला. १९७८ मध्ये युएन वू-पिंग यांच्या ‘ड्रंकन मास्टर’मध्ये जॅकी चॅन यांनी त्याला उनाड, मार खाणारा, बापाला डोकेदुखी झालेला पोरगा केले. नायक तोच राहिला, पण प्रत्येक पिढीने त्याच्यात आपल्याला हवा तो माणूस पाहिला.

१९९१ चा चित्रपट

त्सुई हार्क यांचे बालपण व्हिएतनाममध्ये गेले आणि चित्रपटाचे शिक्षण अमेरिकेत, टेक्सासमध्ये झाले. परक्या देशात चिनी म्हणून जगणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकांतून शिकावे लागले नाही. जेट ली बीजिंगचे. कोवळ्या वयात वुशू या चिनी युद्धकलेची राष्ट्रीय स्पर्धा पाच वेळा जिंकलेले आणि १९८२ च्या ‘शाओलिन टेंपल’मुळे घराघरांत पोहोचलेले. वाँगच्या भूमिकेच्या वेळी ते तिशीच्या आतच होते. क्वान यांचा वाँग प्रौढ होता. हा वाँग तरुण आहे आणि तरीही गंभीर. तो रागावतो, चुकतो, लाजतो.

चित्रपटाचा आरंभ जहाजावर होतो. ल्यू योंगफूच्या सैनिकांसमोर सिंहनृत्य चालले आहे, फटाक्यांच्या माळा तडतडत आहेत. जवळच्या फ्रेंच जहाजावरच्या शिपायांना तो आवाज गोळीबाराचा वाटतो आणि ते बंदुका झाडतात. नाचणारा सैनिक कोसळतो. सिंहाचे रंगीत मुखवटेवजा डोके जमिनीला टेकण्याआधी वाँग ते झेलतो, दोरांवरून वर चढतो आणि नृत्य पुरे करतो. पुढच्या दोन तासांत जे घडायचे आहे त्याचे बीज या प्रसंगात आहे. चिनी सण परक्याच्या कानाला युद्ध वाटतो, उत्तर म्हणून गोळी येते आणि नायक उलटून हल्ला करत नाही. मोडलेले काम तो पूर्ण करतो. निघताना ल्यू योंगफू त्याच्या हातात एक पंखा ठेवतो. त्यावर असमान तहांचा मजकूर लिहिलेला आहे.

यानंतर श्रेयनामावली येते. पहाटेच्या प्रकाशात समुद्रकिनाऱ्यावर उघड्या अंगाने सराव करणारी तरुणांची रांग आणि त्यावर जेम्स वाँग यांचे गीत. चाल नवी नाही. ‘सेनापतीची आज्ञा’ या नावाची ही पारंपरिक धून क्वान यांच्या जुन्या चित्रपटांतही वाजत असे. जेम्स वाँग यांनी तिच्यावर शब्द बसवले, जॉर्ज लाम यांनी गायले आणि आज ही धून ऐकताच चिनी श्रोत्यांना वाँग फेई-हुंग आठवतो.

माणसे

कथा फोशानमध्ये घडते. पो ची लाम दवाखानाही चित्रपटाने ग्वांगझोउहून फोशानला आणला आहे. वाँगभोवतीची प्रत्येक व्यक्ती बदलत्या चीनचा एकेक पैलू घेऊन येते.

सर्वांत महत्त्वाची ‘तेरावी मावशी’. ही भूमिका रोझामंड क्वान यांची. चिनी भाषेत मराठीप्रमाणेच आईकडच्या आणि वडिलांकडच्या नात्यांना वेगवेगळे शब्द आहेत, आणि तिला लावलेला शब्द मावशीचाच आहे. नाते मानलेले, रक्ताचे नव्हे. वयाने ती वाँगच्या बरोबरीची. ती परदेशी शिकून आली आहे, झगा घालते, कॅमेरा बाळगते. दोघांचे एकमेकांवर मन आहे, पण मावशीचे नाते आडवे येते. ती त्याच्या अंगाचे सुटासाठी माप घेते तेव्हा वाँगला कुठे पाहावे ते कळत नाही. ज्या माणसाला दहा जणांचा वेढा फोडता येतो तो एका मोजपट्टीपुढे अवघडतो. या संकोचातून दिग्दर्शकाने जुन्या आणि नव्या चीनचे नाते दाखवले आहे.

शिष्यांत लाम साई-विंग आहे, रागीट आणि अंगापिंडाने थोराड. पुढे आलेल्या दातांचा सो परदेशी शिकल्यामुळे इंग्रजी बोलतो, पण दवाखान्यातली चिनी औषधांची नावे त्याला धड वाचता येत नाहीत. युएन बियाओ यांनी रंगवलेला लिउंग फून नाटकमंडळीबरोबर गावात आलेला, गुरूच्या शोधात भटकणारा तरुण आहे.

परकीयांकडे पाहण्याची चित्रपटाची दृष्टी सरसकट द्वेषाची नाही. एका प्रसंगात रस्त्यावरून पाद्री भजन गात चालले आहेत. चहाघरातले चिनी वादक त्यांच्यावर मात करायला जोराने वाजवू लागतात. इतक्यात बंदरातल्या जहाजाचा भोंगा वाजतो आणि दोन्ही संगीते बुडतात. धर्म आणि परंपरा भांडत बसतात, आणि जिंकते ते यंत्र. पुढे गुंडांच्या टोळीविरुद्ध साक्ष द्यायला एकही गावकरी धजत नाही, तेव्हा उभा राहतो तो एक पाद्रीच.

लोखंडी अंगरखा

वाँगचा खरा प्रतिस्पर्धी जॅक्सन नव्हे. तो येन शी-क्वान यांनी साकारलेला यिम आहे. ‘लोखंडी अंगरखा’ ही त्याची विद्या. शरीर असे कमवायचे की शस्त्र रुतू नये. विद्या थोर, पण पोटाला भाकर नाही. तो उत्तरेकडून फाटक्या कपड्यांत येतो, रस्त्यावर शरीरबळाचे खेळ करून पैसे मागतो. त्याला फोशानमध्ये तालीम काढायची आहे. त्यासाठी नाव हवे, आणि नाव मिळवायचा एकच मार्ग त्याला दिसतो : वाँग फेई-हुंगला हरवणे. याच हव्यासात तो टोळीच्या आश्रयाला जातो.

दोघांची अखेरची झुंज कोठारात होते. उंच शिड्या भिंतीला टेकलेल्या आहेत. लढता लढता त्या सुटतात, झुलतात, दुभंगतात. एक जण शिडीच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला. मध्ये टेकू म्हणून दुसरी शिडी. तराजूच्या पारड्यांसारखे दोघे वरखाली होत आहेत आणि त्यातच ठोसे, लाथा, झेपा चालू आहेत. जमीन दोघांच्याही पायाखाली नाही. हुंग गारसारख्या शैलीत जमिनीवरचा पवित्रा हाच पाया, आणि इथे दिग्दर्शकाने तोच काढून घेतला आहे. पायाखालची जमीन गेलेल्या देशाचे याहून नेमके चित्र क्वचितच सापडेल.

यिम हरतो, पण वाँगच्या हातून मरत नाही. बाहेर पडताच बंदुका कडाडतात. तलवार न रुतणाऱ्या अंगात गोळ्या सहज शिरतात. मरताना तो वाँगला सांगतो की आपली विद्या बंदुकीपुढे टिकणारी नाही. या मृत्यूमागे खरा इतिहास उभा आहे. १९०० च्या मुष्टियोद्ध्यांच्या उठावात, म्हणजे बॉक्सर बंडात, मंत्र आणि साधना यांमुळे गोळी लागणार नाही या श्रद्धेने हजारो तरुण परकी फौजांवर चालून गेले आणि मारले गेले.

शेवटी वाँग एक गोळी बोटांनी उडवून जॅक्सनचा वेध घेतो. हा प्रसंग अद्भुत आहे आणि तर्काला धरून नाही. पण त्याचा अर्थ स्पष्ट आहे. वाँगने बंदूक हाती घेतलेली नाही. तिच्यातली गोळी मात्र त्याने आपल्या विद्येत सामावून घेतली आहे. यानंतर तो सूट घालून शिष्यांसह छायाचित्राला उभा राहतो. नव्याची ओळख पटली, पण माणूस आपल्या जागीच राहिला.

मारामारीची कला

या चित्रपटाच्या लढती युएन चेउंग-यान, युएन शुन-यी आणि लाउ कार-विंग यांनी बसवल्या. लाउ कार-विंग यांचे वडील लाउ चाम हे लाम साई-विंगचे शिष्य. जुन्या कृष्णधवल चित्रपटांत त्यांनी आपल्या गुरूचीच भूमिकाही केली होती. म्हणजे वाँग, लाम, लाउ चाम आणि लाउ कार-विंग अशी गुरु-शिष्यांची अखंड साखळी या पडद्यावर पोहोचते.

तरीही पडद्यावरचे लढणे शुद्ध हुंग गार नाही. जेट ली यांची तयारी उत्तरेकडच्या लांब पल्ल्याच्या, उंच उड्यांच्या शैलीतली. तिला बारीक पोलादी तारांची जोड दिली गेली. नट तारांवर उचलला जातो, हवेत रेंगाळतो, एका झेपेत अनेक लाथा मारतो. कॅमेरा खालून पाहतो आणि संकलन वेगवान आहे. परंपरेच्या कडव्या अभ्यासकांना हे रुचले नाही आणि त्यांचा आक्षेप चुकीचाही नाही. पण दंतकथेतला वाँग हवेत चालणाराच होता. लढतीपूर्वी एक हात मागे, दुसरा पुढे, तळवा वर, जणू पाहुण्याला ‘या’ म्हणावे अशी त्याची उभे राहण्याची ढब आज जगभर ओळखली जाते. आव्हानातही अदब सुटू नये, हे त्या एका ढबेत येते.

हाँगकाँग चित्रपट पुरस्कारांत या चित्रपटाला दिग्दर्शन, संकलन, संगीत आणि लढतींची आखणी यांसाठी गौरवण्यात आले.

१९९१ चा प्रेक्षक

हा चित्रपट कोणासाठी आणि कधी बनला हे पाहिल्याशिवाय तो पुरता कळत नाही. १९८४ च्या चीन-ब्रिटन करारानुसार १ जुलै १९९७ रोजी हाँगकाँग चीनकडे परत जाणार हे ठरले होते. जून १९८९ मध्ये बीजिंगच्या तियानानमेन चौकात विद्यार्थ्यांवर रणगाडे गेले. त्यानंतर हाँगकाँगमधली असंख्य कुटुंबे कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिका या देशांकडे निघाली. राहावे की जावे, ‘सोन्याचा डोंगर’ खरा की खोटा, चिनी असणे म्हणजे नेमके काय, हे प्रश्न त्या वेळी तिथल्या जेवणाच्या टेबलावर होते. चित्रपटगृहातही तेच भेटले, शंभर वर्षांपूर्वीच्या वेषात.

१९९२ च्या दुसऱ्या भागात हाच विचार पुढे गेला. तिथे वाँगची गाठ क्रांतिकारक नेते सुन यत-सेन यांच्याशी पडते आणि परक्या वस्तूंची होळी करणारा श्वेतकमळ पंथ त्याचा शत्रू ठरतो. आंधळा स्वदेशाभिमानही देशाला बुडवतो, हे त्या भागाने निःसंदिग्धपणे सांगितले. १९९३ च्या तिसऱ्या भागानंतर जेट ली बाजूला झाले. चौथ्या-पाचव्या भागांत झाओ वेनझुओ आले आणि १९९७ च्या सहाव्या भागात जेट ली परतले. पुढचे भाग पहिल्या दोहोंच्या तोलाचे नाहीत.

पहिल्या भागातही उणिवा आहेत. जॅक्सन आणि त्याचे साथीदार ठोकळेबाज आहेत, कथानकात गर्दी झाली आहे, काही विनोद आज शिळे वाटतात. तरी चित्रपटाचा गाभा अभंग आहे. आपल्या परंपरेचा नायक किती बलवान होता हे सांगणारे चित्रपट प्रत्येक देशात निघतात. तो कुठे अपुरा पडला, हे प्रेमाने आणि धैर्याने सांगणारे फार थोडे. वाँग फेई-हुंगचा गौरव या चित्रपटाने तसा केला आहे. आज फोशानच्या जुन्या पूर्वज-मंदिराच्या आवारात वाँगच्या नावाचे स्मारक-दालन आहे, पण त्याचे सर्वांत सच्चे स्मारक १९९१ चा हा चित्रपटच आहे.